हप्त्याची रंगीत तालीम: घर घेण्याआधीचं एक वर्ष

"ताई, घर पसंत पडलंय. बँकही कर्ज द्यायला तयार आहे. येत्या रविवारी इसार द्यायचा आहे, त्याआधी तू फक्त एकदा आकडे बघून घे."

धाकट्या बहिणीचा हा फोन गुरुवारी रात्री आला. मी हिशेबाचं काम करते, त्यामुळे घरातल्या कुणाचाही कर्जाचा विषय निघाला की कागद माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा सगळं ठरून गेल्यावर येतात. या वेळी तीन दिवस हातात होते.

त्या रविवारी इसार दिला गेला नाही. घर त्यांनी घेतलं, पण साधारण सव्वा वर्षाने, आणि वेगळं. मधल्या काळात काय केलं, काय फसलं, कुठे भांडणं झाली हे दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. घर घेताना कुठली कागदपत्रं लागतात हे सगळेच सांगतात. हप्ता सुरू झाल्यावर महिन्याची वीस तारीख कशी दिसेल, याची तयारी मात्र फारसं कुणी करून घेत नाही.

आकडे खरे आहेत, फक्त रुपयांत लिहिलेले नाहीत. दोघांच्या हातात मिळून महिन्याला जी रक्कम येते तिला 100 म्हणू, बाकी सगळं त्याच मापात. तुमच्या घरात जी रक्कम येते तिला 100 ने भागून या आकड्यांशी गुणाकार केला की तुमचा हिशेब तयार. निवृत्तीसाठीची बचत पगारातून आधीच कापली जाते, ती या 100 मध्ये नाही.

तर 100 पैकी भाडं 22, बचत 15, आणि उरलेल्या 63 मध्ये घरखर्च. आजवरची शिल्लक 1850. पसंत पडलेल्या घराची किंमत 7500. बँक 80 टक्के कर्ज देणार होती, म्हणजे 6000, आणि 1500 स्वतःचे. व्याजदर साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं, हप्ता 52. बँकेच्या माणसाने "तुम्हाला 55 पर्यंतचा हप्ता बसतो" असं सांगितलं होतं, त्यामुळे 52 म्हणजे आपण बेतानेच चाललोय असं दोघांना वाटत होतं.

बँकेचं "बसतो" आणि घराचं "बसतो" यांत फार फरक आहे. कर्ज देणारा पगार, आधीची कर्जं आणि आजवरची परतफेड पाहतो आणि आपले पैसे परत येतील का एवढं ठरवतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण हप्ता गेल्यावर उरलेल्या 48 मध्ये तुमची मुलगी, तिची शाळा, तुमचे आईवडील आणि तुमची झोप बसते का, हे त्याच्या तक्त्यात कुठेच नसतं. तो रकाना आपणच भरायचा असतो.

पहिली गडबड शिल्लकीत सापडली. 1850 मधून 1500 गेले की 350 उरतात, त्यात फर्निचर होईल, असा त्यांचा हिशेब. नोंदणी, कर, वकिलाची फी, कर्जाचं प्रक्रिया शुल्क, सामान हलवणं, बाथरूमची दुरुस्ती हे त्यात कुठेच नव्हतं. मेहुण्यांनी शुक्रवारी दिवसभर फोन करून एकेक आकडा आणला. बेरीज 620. म्हणजे फर्निचर दूरच, 270 कमी पडत होते, आणि अडीअडचणीला घरात दमडी उरत नव्हती.

"कमी पडतील तेवढ्याचं पर्सनल लोन काढू," मेहुणे म्हणाले.

मला तेव्हा खरंच भीती वाटली. घरकर्जाच्या वर, त्याहून महाग व्याजाचं दुसरं कर्ज, आणि तेही घरात पाऊल टाकण्याआधी! त्याचा हप्ता 52 मध्ये धरलेला नव्हता. कर्ज काढून स्वतःचा हिस्सा भरायचा म्हटलं की तो स्वतःचा राहतोच कुठे?

शनिवारी आम्ही तिघं बसलो. बहिणीच्या सासूबाईही होत्या. त्यांचं म्हणणं असं, की दर महिन्याला भाडं म्हणजे पैसे पाण्यात. हे मी इतक्या घरांत ऐकलं आहे की त्या दिवशी वही उघडून त्यांच्याच समोर मांडून दाखवलं. सोयीसाठी 4800 कर्ज धरलं, साडेआठ टक्के, 20 वर्षं. हप्ता 41.66. पहिल्या महिन्याच्या या हप्त्यात व्याज किती? 34. मुद्दल फक्त 7.66. भाड्याचे 22 परत येत नाहीत हे खरं, पण व्याजाचे 34ही परत येत नाहीत. पाच वर्षं न चुकता हप्ते भरले तर हातातून सुमारे 2500 गेलेले असतात आणि कर्ज उतरलेलं असतं जेमतेम 570. सासूबाईंनी तो 570 चा आकडा दोनदा विचारला.

याचा अर्थ घर घेऊ नये असा मुळीच नाही. पाच वर्षांत या कुटुंबाने तीनदा घर बदललं होतं. माझी भाची दर वेळी नव्या खोलीत पहिले आठ दिवस दिवा लावून झोपायची. तिला एक पक्की भिंत हवी होती, जिच्यावर खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागणार नाही. हे कारण मला पुरेसं वाटतं, त्याला "बचत होते" असा टेकू लावायची गरज नाही. टेकू लावला की माणूस झेपेल त्याहून मोठं घर घेतो, कारण मनात "हे पैसे वायाच जायचे होते" असा हिशेब चालू असतो.

मग मी विचारलं, "हप्ता सुरू झालाय असं समजून वर्षभर जगून बघायचं का?"

नियम साधे ठेवले. पगाराच्याच दिवशी हप्त्यातून सध्याचं भाडं वजा करून उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात जाईल. हप्ता 52, भाडं 22, म्हणजे 30. नव्या घराचा देखभाल खर्च, घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती यांचे महिन्याला 4 धरले. एकूण 34. त्या खात्याला कार्ड नाही, आणि पैसे काढायचे तर दोघांच्या सह्या हव्यात. आधीची 15 ची बचत यातच आली, म्हणजे खरा ताण 19 चा. तालीम जमली तर पैसे वाया जात नाहीत, ते घराच्याच कामी येतात. फसली तर ती कर्जाविना फसते.

मेहुण्यांचा आक्षेप रास्त होता. "ताई, वर्षभरात घरं महागली तर?" महागू शकतात. 7500 चं घर पाच टक्क्यांनी वाढलं तर 375 जास्त, आणि वर्षाच्या तालमीत तेवढे साठतीलच असं नाही. मी ते लपवलं नाही. एवढंच म्हटलं, की थांबल्यामुळे फार तर घर थोडं लहान घ्यावं लागेल. पण न झेपणाऱ्या हप्त्यातून बाहेर पडायचं तर मिळेल त्या किमतीला घर विकावं लागतं, आणि नोंदणी, कर, शुल्कात गेलेले पैसे परत मिळत नाहीत. दुसऱ्या महिन्यात ते घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. बहीण आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. मलाही अपराधी वाटत होतं.

तिने एक जाड वही केली होती. आडवी, बारा महिन्यांचे बारा रकाने पट्टीने आखलेले, डावीकडे खर्चाची नावं निळ्या शाईत. पहिले दोन रकाने सुंदर अक्षरात भरलेले आहेत. तिसऱ्यात खाडाखोड सुरू होते. चौथ्यात पानाच्या खालच्या कोपऱ्यात फक्त तीन आकडे आहेत, एकाखाली एक: 24, 18, 19. आणि खाली दोन रेघांमध्ये 61.

24 शाळेची फी. 18 गाडीचा आणि आरोग्याचा विमा, दोन्ही एकाच महिन्यात. 19 सासरे अचानक आजारी पडले तेव्हाचा प्रवास आणि दवाखाना. या तिन्हींसाठी चौथ्या महिन्यात त्या खात्यातून 61 काढावे लागले. सही करताना दोघांचं भांडण झालं. "तरी मी म्हणत होते" आणि "घर बघायला तूच म्हणालीस" या दोन वाक्यांभोवती ते रात्री एक वाजेपर्यंत फिरत राहिलं, असं तिने मला सकाळी सांगितलं.

मी त्या 61 कडे बराच वेळ पाहत होते. आजारपण सोडलं तर बाकीचे 42 अचानक आलेले नव्हतेच. शाळेची फी दर वर्षी त्याच महिन्यात येते, विम्याची तारीख पॉलिसीवर छापलेली असते. तरी महिन्याच्या हिशेबात त्यांना जागा नव्हती, कारण ते महिन्याचे खर्च नाहीत. जवळजवळ प्रत्येक घराचं अंदाजपत्रक इथेच फसतं. दर महिन्याला येणारे खर्च माणसाला पाठ असतात, वर्षातून एकदा येणारे दर वर्षी नवे वाटतात. आम्ही मागच्या बारा महिन्यांची खातेपुस्तकं घेऊन असे सगळे खर्च शोधून काढले. विमे, फी, गाडीची मोठी दुरुस्ती, सणवार, लग्नकार्यातले आहेर, डोळ्यांचा चष्मा. वर्षाचे 78. बाराने भागले की महिन्याला साडेसहा. म्हणजे उरलेल्या 48 मधून देखभालीचे 4 आणि हे साडेसहा काढले की घर चालवायला साडेसदतीस. आजवर याच गोष्टींवर, वार्षिक खर्च वेगळे काढल्यावर, साडेछप्पन खर्च होत होते. साडेछप्पनावरून साडेसदतीसवर कुठलंच घर नुसत्या निर्धाराने येत नाही.

म्हणून हप्ता खाली आणला. किती, ते वहीनेच सांगितलं. पहिल्या चार महिन्यांत ओढाताण न होता जे खरंच बाजूला पडत होतं ते 24च्या आसपास होतं. 24 अधिक भाडं 22, त्यातून देखभालीचे 4 वजा, म्हणजे हप्ता 42. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांत 42 चा हप्ता साधारण 4800 कर्ज पेलतो. 80 टक्के कर्ज म्हणजे घराची किंमत 6000.

हा आकडा पाहून बहिणीचे डोळे भरून आले. 7500 वरून 6000 म्हणजे एक खोली कमी, किंवा शहराच्या मध्यापासून बरंच लांब. पण या वेळी किंमत त्यांच्या स्वतःच्या चार महिन्यांतून निघाली होती. घराची किंमत बघून हप्ता काढणं आणि झेपणाऱ्या हप्त्यावरून किंमत काढणं, गणित एकच असलं तरी दुसऱ्या रीतीत माणूस विक्रेत्यासमोर वेगळ्या पाठीने बसतो.

पाचव्या महिन्यापासून 24. यात एकच महिना निम्मा गेला, मेहुणे बिनपगारी रजेवर होते तेव्हा. बाकी वेळी जमलं. काय कमी केलं याची यादी देत नाही, प्रत्येक घराची ती वेगळी असते आणि दुसऱ्याची यादी वाचून फक्त राग येतो.

तालमीत एक गोष्ट आपोआप येत नाही, ती म्हणजे व्याजदर वाढणं. कर्ज बदलत्या दराचं होतं. अशा कर्जात दर वाढला की पुष्कळदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते, त्यामुळे कर्जदाराच्या ते पटकन लक्षात येत नाही. 4800 कर्ज, हप्ता 41.66, आणि अगदी सुरुवातीलाच दर साडेनऊ झाला असं धरू. 240 महिन्यांचं कर्ज 308 महिन्यांवर जातं. दहा टक्क्यांना 388 महिने. साडेदहा टक्क्यांना पहिल्या महिन्याचं व्याजच 42 होतं, हप्त्यापेक्षा जास्त, म्हणजे ते कर्ज कधीच फिटत नाही, उलट वाढत जातं. दर एवढे वाढतात का? रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, मे 2022च्या सुरुवातीला 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा. ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेचा, बँक ऑफ इंग्लंडचा, मूळ दर डिसेंबर 2021च्या सुरुवातीला 0.1 टक्का होता, ऑगस्ट 2023 मध्ये सव्वापाच. 20 वर्षांच्या कर्जात असा एखादा काळ येणार असं धरूनच चालायला हवं.

मेहुणे तेव्हा 39 वर्षांचे. 240 महिन्यांनी 59. 308 महिन्यांनी चौसष्टच्या पुढे. हे त्यांनी स्वतः पाठीमागच्या पानावर मांडलं आणि म्हणाले, "दर वाढला तर मुदत वाढवायची नाही, हप्ता वाढवायचा." साडेनऊ टक्क्यांना 20 वर्षांसाठी हप्ता 44.74 होतो. म्हणून शेवटचे दोन महिने तालीम 45 च्या हप्त्याची केली. म्हणजे 24 ऐवजी 27. ते दोन महिने अवघड गेले, पण गेले.

वर्षाअखेर तालमीच्या खात्यात 261 होते. आधीचे 1850 धरून 2111. त्यातले 1200 स्वतःचा हिस्सा, 500 नोंदणी-कर-दुरुस्तीसकट सगळा वरखर्च, आणि 400 ची गंगाजळी, जिला घराच्या व्यवहारात हात लावायचा नाही. 400 म्हणजे हप्ता धरून घराचा चार महिन्यांचा खर्च. मला सहा महिन्यांचा हवा होता. त्यावर आमचं एकमत झालं नाही, आणि निर्णय त्यांचा होता.

घरं बघणं या वर्षाच्या उत्तरार्धात सुरू झालं. दोन प्रसंग सांगते.

पहिलं घर खरं तर आम्हा सगळ्यांना आवडलं होतं. हवेशीर, किंमत बसणारी. जाहिरातीत कामाच्या ठिकाणापासूनचा प्रवास 50 मिनिटांचा लिहिला होता. हप्त्याची तालीम अंगवळणी पडली होती, म्हणून मेहुण्यांनी प्रवासाचीही केली. लागोपाठ पाच कामाच्या दिवशी ते पहाटे उठून आधी त्या इमारतीखाली गेले आणि तिथून ऑफिसला निघाले. पाच दिवसांची सरासरी 75 मिनिटं, एका बाजूची. शुक्रवारी रात्री त्यांनीच ते घर नको म्हटलं. रविवारी दुपारी रिकाम्या रस्त्याने गाडीतून घर बघून ठरवलं असतं, तर हे पाच दिवस पुढची 20 वर्षं रोज आले असते.

दुसऱ्या घरात तिसऱ्या भेटीपर्यंत काहीच खटकलं नाही. तिसऱ्यांदा आम्ही मुद्दाम दोन दिवस पाऊस झाल्यावर संध्याकाळी गेलो. बेडरूममध्ये चारपैकी एकाच भिंतीला ताजा रंग होता. बहिणीने कपाटामागे हात घालून तळवा भिंतीला टेकवला आणि तसाच माझ्या गालाला लावला. गार, ओलसर. खाली स्कर्टिंगच्या फटीत पांढरं मिठासारखं फूल आलं होतं, बोटाने खरवडलं की पीठ पडायचं. ओल भिंतीतून पाझरत बाहेर येते तेव्हा सिमेंट-विटांतले क्षार पृष्ठभागावर आणते आणि पाणी सुकलं की ते मागे उरतात. नुसत्या रंगाने हे थांबत नाही, पाणी येतं कुठून ते शोधावं लागतं. मालक म्हणाले, "पावसाळ्यात सगळीकडेच थोडं होतं." आम्ही बाथरूमचा नळ सोडला, पाऊण तास थांबलो. भिंतीच्या पलीकडे तेच बाथरूम होतं.

ते घर सोडलं नाही. प्लंबर नेला, त्याने फरशीखालचा जोड फुटल्याचं सांगितलं, दुरुस्तीचा लेखी अंदाज घेतला आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागितली. मालकांनी आधी नाही म्हटलं, दहा दिवसांनी स्वतः फोन केला. शेवटी सौदा बरोबर 6000 ला झाला. हातात वर्षभराची वही आणि बँकेची तत्त्वतः मंजुरी होती, घाई कुठलीच नव्हती, म्हणून ते दहा दिवस गप्प बसता आलं.

कागदांचं थोडक्यात सांगते. वकील आपला वेगळा घ्या, विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. मालकीची साखळी कुठे तुटते का, घरावर कुणाचं कर्ज किंवा बोजा आहे का, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळतं का, देखभाल आणि करांची थकबाकी किती, हे लेखी घ्या. या प्रकरणात विक्रेत्याचं स्वतःचं कर्ज बाकी होतं. ते फिटल्याचं आणि बोजा उतरल्याचं पत्र हातात येईपर्यंत इसारापलीकडे एक पैसाही दिला नाही. आणि टेप घेऊन आतलं माप स्वतः घ्या. आम्ही घेतलं. सांगितलेल्या क्षेत्रफळात भिंतींची जाडी आणि जिन्याचा वाटा धरलेला होता.

पहिला खरा हप्ता गेला त्या दिवशी बहिणीचा फोन आला, पण पडद्यांची मापं विचारायला. हप्त्याचा विषय मीच काढला. "गेला की सकाळी," ती म्हणाली.

आता दर वर्षी एक जादा हप्ता भरायचा असं त्यांनी ठरवलं आहे. दर न बदलता हे जमलं तर 240 महिन्यांचं कर्ज साधारण 200 महिन्यांत फिटतं. पहिल्या वर्षीचा जादा हप्ता मागच्या महिन्यात भरला. वही तीच आहे, फक्त नव्या वर्षाच्या पानावर तिने पट्टीने तेरावा रकाना आखला आहे.